पंपाचा स्क्रू

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक तरुण राहत होता. दोन एकर शेतीवर घर चालेना, म्हणून त्याने जुनी डिझेल पिकअप घेतली. कराडच्या बाजारातली भाजी कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरवायची आणि येताना कोकणचा माल भरून वर आणायचा, असा त्याचा धंदा बसला.

उतरताना गाडी गुणाने जायची. चढताना मात्र पोफळी मागे पडली की दम टाकायची. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला गिअर. मागे काळा धूर, पुढे काटा लालच्या जवळ. तेवढाच माल भरलेल्या गाड्या शेजारून निघून जायच्या. इंजिन निवायला थांबत थांबत तो वर हेळवाकला पोहोचायचा, तोवर उशीर झालेला असायचा.

एक म्हैस विकून त्याने पैसे उभे केले आणि तो म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला.

"मिस्त्री, गाडीला जोर नाही. पंपाचा स्क्रू वाढवून द्या, डिझेल जास्त जाऊ दे. आणि मागे दोन पाटे घाला, म्हणजे माल जास्त बसेल."

मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली. "देतो वाढवून. आधी माळापर्यंत जाऊन ये. ब्रेक होईल तेवढा कमी लाव. आलास की चारही चाकांना हात लाव."

तरुण जाऊन आला. तीन चाकं कोमट होती. मागच्या डाव्या चाकाला हात लावला आणि चटका बसून त्याने तो झटकन मागे घेतला. मिस्त्रीने ड्रम उघडला. हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती. हँडब्रेक सोडला तरी लायनर ड्रमला घासतच राहत होते. कितीतरी दिवस ती गाडी ब्रेक लावूनच घाट चढत होती.

केबल बदलली. तरुण म्हणाला, "आता स्क्रू?"

"उद्या," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला. मूठभर धूळ पडली.

"काळा धूर का येतो, सांग बघू."

तरुण गप्प राहिला.

"डिझेल जळायला हवा लागते. हवा पुरत नाही, म्हणून डिझेल अर्धवट जळतं आणि काळं होऊन बाहेर पडतं. आता मी स्क्रू फिरवून आणखी डिझेल सोडलं तर काय होईल?"

"आणखी धूर."

"आणि आणखी उष्णता. मग हेडचं गॅसकेट जाईल, नाहीतर पिस्टन. तुझी दुसरी म्हैसही जाईल."

नवा फिल्टर बसला. टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर मिस्त्रीला तेलाचा ओघळ दिसला. क्लिप सोडली तर तिच्याखाली बोटभर चीर होती. गाडी उभी असताना ती मिटून राहायची आणि जोर लागला की उघडायची. घाटात टर्बोने दाबलेली हवा तिथूनच निसटत होती.

तरुणाने स्क्रूचं पुन्हा विचारलं. मिस्त्रीने उद्यावर ढकललं.

मग डिझेल फिल्टरची पाळी आली. तळाचा नट सोडताच आधी पाणी आलं, मग गंजाचा गाळ आणि शेवटी डिझेल. पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात पाणी गेलं की पंप आणि नोझल झिजतात. मिस्त्रीने फिल्टर बदलला, हातपंप कडक होईपर्यंत दाबून लाइनीतली हवा काढली आणि पुढच्या वेळी हे त्याचं त्याला करता यावं म्हणून तरुणाकडून तेच पुन्हा करून घेतलं.

रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळून बसला होता. आत साधं पाणी होतं, गंजाने लाल झालेलं. थर्मोस्टॅट तर कुणीतरी काढूनच टाकला होता. गाडी तापली की बरेच जण हा सोपा इलाज करतात, पण त्याने सकाळी इंजिन वेळेत गरम होत नाही आणि थंड इंजिन लवकर झिजतं. मिस्त्रीने जाळी आतल्या बाजूने धुतली, नवा थर्मोस्टॅट बसवला आणि कूलंट भरलं. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, तेही बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि मग पेडल नुसतं खाली जातं.

"आणि पाटे?" तरुणाने विचारलं.

"पाटे वाढवले तर माल वाढेल, ब्रेक तेवढेच राहतील. घाट तुला उतरायचा आहे."

त्यावर तरुण काही बोलला नाही.

सगळं झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "नेहमीएवढा माल भरून एकदा घाट चढून ये. मग स्क्रू वाढवू."

तरुण गेला. पोफळी मागे पडली. सवयीने त्याचा हात पहिल्या गिअरकडे गेला, पण गाडी दुसऱ्यावरच ओढत होती. सपाटी आली तशी तिसऱ्यावर गेली. धूर नव्हता. हेळवाकला पोहोचेपर्यंत काटा मध्यावरून हलला नव्हता आणि तो कुठेही थांबला नव्हता.

परत आला तेव्हा मिस्त्री पाना घेऊन बसला होता.

"वाढवू?"

"नको," तरुण म्हणाला. "पण मिस्त्री, हा जोर आणला कुठून?"

"मी कुठून आणणार? तो गाडीतच होता. कासरा खुंटाला बांधलेला ठेवून बैलाला चाबूक मारला तर बैल मरेल, गाडा हलणार नाही. आपण कासरा सोडला."

म्हशीचे पैसे बरेच उरले होते. त्यातून तरुणाने पुढचे दोन टायर घेतले. एक फॅन बेल्ट आणि एक डिझेल फिल्टर सीटखाली ठेवला. दर रविवारी तो फिल्टरमधलं पाणी काढू लागला, ग्रीस गनने क्रॉसला आणि पाट्यांच्या पिनांना ग्रीस देऊ लागला. पुढे त्याच गाडीवर त्याने घराला स्लॅब टाकला.

जोर कमी पडला की आपण आधी नवं काही जोडायला धावतो. गाडीत, घरात, शिकणाऱ्या पोराच्या बाबतीतही. काय अडकलं आहे ते पाहायचं मात्र राहून जातं. तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर ताकद वाढवायला पैसे काढण्याआधी एक फेरी मारून या आणि चारही चाकांना हात लावून पाहा.