मत देताना चित्त कोठे असते?



गेल्या निवडणुकीच्या आधीच्या रविवारी आमच्या विहारात वंदना झाली. लोक उठून गेले, पण एक आई मागे थांबल्या. त्यांच्या घराने दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली, देव्हारा काढला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या हळूच म्हणाल्या, "गुरुजी, काल रातच्याला माणसं आली व्हती. पाकीट दिलं आन् पोराला बेलभंडारा उचलाया लावला. आता दुसरीकडं मत दिलं तर शपथ मोडंल. देव सोडला म्हणतो आपण, मग छाती का धडधडती? आन् खोटं बोलल्याचा दोष लागंल तो येगळाच."

मला चटकन उत्तर देता आले नाही. मी पदवीला राज्यशास्त्र शिकलो. मतदार आपले मत घर, जात, शेजार, पक्ष, भीती आणि आशा यांवरून बनवतो, असे परीक्षेत लिहून गुण मिळवले. पण माझे वडील जन्मभर मालकाने सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारत आले, हे ते उत्तर लिहिताना माझ्या मनातही आले नाही. आईंच्या प्रश्नाने ते आठवले. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

भगवान बुद्धांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचा धर्म सांगितला. त्यात माणूस चार वाटांनी चुकतो, असे सांगितले आहे. छंद म्हणजे आसक्ती, दोस म्हणजे द्वेष, भय आणि मोह. या चार वाटांनी जाणाऱ्याचे यश वद्य पक्षातल्या चंद्रासारखे घटत जाते. ही शिकवण घरासाठी आहे, व्यवहारासाठी आहे, तशीच ती मतदान केंद्रासाठीही आहे.

पहिला छंद. "तो आपला आहे" एवढ्यावर आपण मत देतो. आपला म्हणजे कोण? भावकीतला, आपल्या जातीचा, लग्नाला आहेर घेऊन आलेला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर राखीव जागेवरही सर्व जातींचे मतदार मिळून उमेदवार निवडतात. तेव्हा राखीव जागेचा उमेदवार आपल्यातला असला, तरी तो कोणाच्या मतांवर आणि कोणाच्या पैशावर उभा आहे, हे विचारलेच पाहिजे. पाकीट घेणे हाही छंदच. पाच वर्षांची किंमत एका रात्रीत घेतली, तर उद्या रस्ता मागायला कोणत्या तोंडाने जाणार?

दुसरा दोस. प्रचाराच्या दिवसांत जुनी भांडणे कोणीतरी मुद्दाम उकरून काढतो. "त्या आळीला धडा शिकवायचा" म्हणून मत पडते. धडा कोणालाच मिळत नाही. निवडून आलेला दोन्ही आळ्यांना विसरतो, आणि आपण मात्र पाणवठ्यावर एकमेकांकडे पाहत नाही.

तिसरे भय. एकेकाचे मत गुप्त असते. यंत्राशेजारी काचेत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी आपल्यालाच दिसते, ती बाहेर आणता येत नाही. पण हेही खरे की यंत्रामुळे कोणत्या केंद्रावर किती मते पडली, हे गावाला समजते. म्हणून लहान वस्तीचे भय खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. एकटा माणूस या भयाला पुरा पडत नाही. वस्ती एकत्र बसून बोलली, तर भयाचे ओझे वाटले जाते. संघाला शरण जाण्याचा एक अर्थ मला येथे सापडतो.

चौथा मोह. गळ्यात निळा रुमाल घातला, पुतळ्याला हार घातला, मोठ्याने जय भीम म्हटले, की आपण विरघळतो. मोबाइलवर आलेले चित्र खरे मानतो आणि दहा जणांना पाठवतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच रोगाबद्दल बजावले होते. धर्मात भक्ती कदाचित मुक्तीकडे नेईल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनी यातून कोणत्याही पुढाऱ्याला वगळले नाही. आपल्या पुढाऱ्यालाही नाही.

हे सांगणारे बाबासाहेब स्वतः १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात लोकसभेची निवडणूक हरले. त्यांची विद्वत्ता कमी पडली, असे कोण म्हणेल? मतदार विद्वत्तेवरून किंवा केलेल्या कामावरूनच पारख करतो असे नाही, हे त्या दोन पराभवांतून आपण शिकावे.

मग पारख करावी कशी? श्रावस्तीच्या पूर्वारामात भगवान बसले असता कोसलचा राजा पसेनदी तेथे आला. वाटेने जटाधारी आणि इतर तापसी चालले होते. राजाने उठून त्यांना हात जोडले आणि म्हणाला, जगात जे अर्हत आहेत, त्यांतले हे असावेत. भगवान म्हणाले, हे असे पाहून कळणार नाही. शील कळते ते सहवासाने, सचोटी कळते व्यवहाराने, धैर्य कळते संकटात आणि प्रज्ञा कळते चर्चेत. तेही थोड्या वेळात नव्हे, पुष्कळ काळाने; आणि लक्ष देणाऱ्याला, दुर्लक्ष करणाऱ्याला नव्हे. तेव्हा राजाने कबूल केले की ते त्याचेच हेर होते. घरी गेल्यावर ते धूळ धुऊन, न्हाऊन, पांढरी वस्त्रे नेसून चैन करणार होते!

बंधूंनो, निवडणुकीत आपल्या दारी येणारा वेष पाहून ही कथा आठवावी. चार प्रश्न विचारावेत. सहवास: मागची पाच वर्षे हा माणूस वस्तीत कधी दिसला होता का? व्यवहार: याने मजुरी वेळेवर दिली का, सोसायटीचा हिशेब चोख ठेवला का? संकट: आपल्यावर बहिष्कार पडला, पोरीची छेड निघाली, तेव्हा हा कोणाच्या बाजूला उभा होता? चर्चा: शाळा, पाणी, जमीन यांविषयी विचारले तर उत्तर देतो की घोषणा देतो?

उमेदवार परका असेल तर कागद पाहावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रात लिहून द्यावे लागते. निवडणूक आयोग ते लोकांसाठी खुले ठेवतो. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलीला ते मोबाइलवर काढून घरात मोठ्याने वाचायला सांगा. कोणीच योग्य नसेल, तर २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही आहे.

आता आईंचा प्रश्न. मी त्यांना म्हणालो, "आई, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात मतासाठी पैसा देणे हा भ्रष्ट आचार आहे. देवाचा कोप होईल असे भय घालून मत मागणे हाही भ्रष्ट आचारच आहे. म्हणजे तुमच्या लेकाच्या हातात दिलेला बेलभंडारा कायद्यालाही मान्य नाही. तुमची छाती धडधडते, कारण जुनी सवय दोन वर्षांत जात नाही. त्याची लाज वाटू देऊ नका. राहिला मुसावाद. दोष पाकीट घेतले तेथेच झाला. चुकीचे वचन पाळून तो धुतला जात नाही, वाढतो. दोष दोष म्हणून ओळखावा, तो मोकळेपणी सांगावा आणि पुढे संयम ठेवावा, हीच धम्माची रीत आहे. पाकीट परत करा. मग तुमचे मत मोकळे आहे."

त्यांनी विचारले, "आन् पोराचं काम गेलं तर?"

या प्रश्नाला माझ्या पुस्तकात उत्तर नव्हते. माझा पगार दर महिन्याला येतो, त्यांचा लेक रोजाने जातो. मी एवढेच म्हणालो, "मी बरोबर येतो."

त्या संध्याकाळी आम्ही पाच जण गेलो. पाकीट परत दिले. घेणारा हसला, काही बोलला नाही. पुढे तीन आठवडे त्या मुलाला कामावर बोलावले नाही. वस्तीने त्या घरी धान्य पोहोचवले, आणि मग त्याला दुसरीकडे काम लागले. आईंनी मत कोणाला दिले, हे मी विचारले नाही. तुम्हीही कोणाला विचारू नका.

ज्यांच्या आजोबांना मत नव्हते, ज्यांच्या वडिलांनी ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून दिले, ते आपण. बटण दाबण्यापूर्वी एक श्वास थांबा आणि चित्ताला विचारा: हा हात आसक्ती चालवते आहे, द्वेष, भय की मोह? यांतले कोणीच नसेल, तर ते मत तुमचे.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.