सामायिक ताटाचा हिशेब

गणपतीला किंवा गावच्या जत्रेला मुंबई-पुण्याची, गोव्याची माणसं कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडला परततात. अलीकडे त्यांच्या सामानातून एक नवी हौसही येते: शार्कुटरी बोर्ड. लाकडी फळीवर सुकवलेल्या मांसाच्या चकत्या, चीज, फळं आणि सुकामेवा मांडायचा. ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं.

मूळ फ्रेंच प्रकार डुकराचं मांस मीठ लावून टिकवण्याचा. तिलारी घाट उतरून गोव्यात गेलं की त्याचा भाऊबंद भेटतो. मीठ, व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण लावून आतड्यात भरलेलं, वाळवलेलं चोरीस. मात्र ते कच्चं असतं. शिजवल्याशिवाय फळीवर ठेवू नये.

चंदगडला फळी भरायला फार लांब जावं लागत नाही. भाजलेले काजू, उकडलेली रताळी, नाचणीचे पापड, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे, केळी आणि हवं तर सुकं मटण. अर्ध्या तासात फळी सजते. प्रश्न सुरू होतात ते तिच्याभोवती माणसं जमल्यावर.

पंगतीत वाढपी असतो. तो शेवटच्या पानापर्यंत पुरवून वाढतो. फळीवर तो नसतो; ज्याचा हात लांब, त्याचे काजू. एकादशी धरलेल्या आजीला रताळं चालतं, पण मटणाला चिकटलेलं रताळं तिच्या उपयोगाचं नाही. काजूची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी तर शेजारचा चमचाही धोक्याचा. तेव्हा मांसाची, उपवासाची आणि काजूची ताटली वेगळी ठेवणं ही पाहुण्यांची कदर झाली, तो विटाळ नव्हे.

कदर आणि विटाळ यांतला हा फरक कोल्हापूरला नवा नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथला चहा घेतला. कुणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न महाराजांनी भाषणापेक्षा कपानं सोडवला.

आज ‘कुणाच्या हातचं’ हे वेगळ्या अर्थानं विचारायला हवं. फळीवरचा काजूच घ्या. त्याच्या टरफलात दाहक तेल असतं. ते लागलं की कातडी भाजते. बी वाफवून फोडायची, गर वाळवायचा, साल काढायची, प्रतवारी लावायची. या कामात बहुतेक बायाच असतात. ‘डब्ल्यू ३२०’ ही प्रत म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर. गर मोडला की भाव उतरतो, म्हणून तो न मोडण्याचा ताण त्यांच्या बोटांवर येतो. आणि हा अख्खेपणा आपल्याला हवा असतो तो चवीसाठी नव्हे, पाहुण्यांपुढच्या दिमाखासाठी. पाकळी आणि तुकडा चवीला तेच, किमतीला कमी.

घरातही तसंच. जत्रेच्या जेवणात पुरुष आधी बसतात, रांधणाऱ्या बाया शेवटी. या फळीत एक सोय आहे: तिला पहिली पंगत आणि शेवटची पंगत नसते. पण ती सोय आपोआप मिळत नाही. फळी बाहेर ओसरीवर गेली आणि बाया चुलीपाशीच राहिल्या, तर नुसतं ताट बदललं.

या वर्षी फळी मांडणार असाल तर काजूची पाकळी घ्या, शिजवलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नका, आणि स्वयंपाकघरातली सगळी माणसं बाहेर येऊन बसेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.