घराच्या हिशेबात हरवलेली बाई

मजुरी तुटपुंजी असेल, तर कामावर जाणाऱ्याच्या हातात सरकारने थोडी भर घालावी, या विचारातून अमेरिकेत १९७५ साली ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ सुरू झाले. एकटीने मुले वाढवणाऱ्या आयांना त्याचा मोठा आधार झाला. १९८६च्या करसुधारणेत ही सवलत वाढली आणि अशा कितीतरी जणी कामाला लागल्या, हे अर्थतज्ज्ञ नाडा ईसा आणि जेफ्री लीबमन यांनी दाखवून दिले. पुढे ईसा यांनीच हिलरी हॉइन्स यांच्यासोबत विवाहित स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र उलटे निघाले. या बायका कामातून थोड्या मागे सरल्या होत्या, कारण मदत ठरते ती नवराबायकोच्या एकत्रित उत्पन्नावर.

ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या सरकारी मदतीत हे नेमके कसे घडते ते पाहावे. मुले असलेल्या घराला कमाईचा ठरावीक हिस्सा कपातीविना ठेवता येतो. त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे मदत ५५ पेन्सनी घटते. हा हिस्सा साऱ्या घराला मिळून एकच, आणि बहुधा तो नवऱ्याच्या पगारातच संपतो. मग बायकोने दुकानात राबून १०० पौंड आणले, तर घराच्या पदरात ४५च पडतात. त्यातून बसभाडे आणि पाळणाघराच्या बिलातला वाटा जायचा. महिनाअखेरीस दोघे हिशेबाला बसले, की ‘एवढी धावपळ कशासाठी?’ हा प्रश्न तिच्याच नोकरीबद्दल निघतो.

विषमतेचे आकडेही बहुतेक घर हाच घटक धरून काढले जातात. गरीब घराचे उत्पन्न वाढले की दरी बुजल्यासारखी दिसते. त्या घरातली दरी मात्र नोंदलीच जात नाही. नोकरी सुटलेल्या वर्षांत बाईचा अनुभव, बढती, निवृत्तिवेतन सारेच मागे पडते. उद्या संसार मोडला, तर त्याची किंमत ती एकटी मोजते.

स्वीडनने २००७ साली आणलेली कामाची करसवलत ज्याच्या त्याच्या कमाईवर मिळते. नवऱ्याच्या पगारामुळे बायकोची सवलत घटत नाही. मात्र ती सुखवस्तू घरांतही पोहोचते, त्यामुळे तेवढ्याच खर्चात गरिबाच्या वाट्याला कमी येते. हा पेच खरा आहे. तरीही मदत गरजू घरांपुरती ठेवून दुसऱ्या कमावत्याला स्वतःचा कपातमुक्त हिस्सा देता येईल. तिजोरीवर भार पडेल, पण तो पेलायला हवा. बाईच्या कमाईला जोडउत्पन्न मानणारा नियम तिला आयुष्यभर परावलंबी ठेवतो, आणि परावलंबन वाढवून कोणत्याही समाजाला समता साधता येणार नाही.