ज्याचा त्याचा वेळ

सायखेड्याच्या माणसाला वेळ मोजायला गोदावरीने शिकवले आहे. पावसाळ्यात वर गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले, नाशकात होळकर पुलाखालचे पाणी चढू लागले, की इथल्या बोलण्यात तास येतात. किती क्युसेक सुटले, दारणेचेही सुटले का, पुलाला पाणवेली किती तटल्यात, आणि या हिशोबाने पाणी आपल्या काठाला कधी लागेल? दुकानातला माल वर चढवायचा, जनावरे सोडायची, मोटारी काढायच्या, ते सगळे या दोन वेळांच्या मधल्या फटीत. कळ दाबणारा हात तिकडे वर असतो आणि वेळ आपला सुरू होतो.

बुद्धिबळाच्या घड्याळाचे मर्मही हेच आहे. समोरच्याने खेळी केली, कळ दाबली, त्याचा वेळ थांबला आणि माझा वाहू लागला. या यंत्राला लोक घाईचे यंत्र समजतात. पालक तर हमखास. मुलगा पटावर शांत बसायला शिकेल म्हणून त्याला बुद्धिबळाला घालायचे आणि शेजारी हे धावते आकडे बघून धास्तावायचे, असे चालते. मला वाटते, घाई ही त्या घड्याळाची फार वरवरची बाजू आहे. त्याने केलेली खरी गोष्ट वाटणीची आहे. एकाच टेबलावर, एकाच दुपारी, दोन माणसांचा वेळ त्याने वेगळा करून ज्याच्या त्याच्या पदरात टाकला.

आपल्या जुन्या कालमापनात ही कल्पना नव्हती. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली वाटी. ती पाण्यावर सोडायची, भरून बुडाली की एक घटिका झाली. दिवसरात्रीच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. आजच्या हिशोबात घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे. मोजमाप बारीकच होते. पण बुडणारी वाटी मांडवातल्या सगळ्यांसाठी एकदमच बुडे. वर, वधू, भटजी, वऱ्हाडी, सगळ्यांचा मुहूर्त एक. आपल्या देशी बुद्धिबळातही वेळेला किंमत नव्हती. किंमत होती ती मात कशी दिली याला. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. ती द्यायला सकाळची संध्याकाळ झाली तरी त्याचे कोणाला काही वाटत नसे.

युरोपातही फार वेगळे नव्हते. १८४३ साली पॅरिसला हॉवर्ड स्टाँटन आणि सेंट आमां यांचा सामना झाला, त्यातला शेवटचा डाव चौदा तासांच्या वर चालला. त्या काळी समोरच्याला बसवून थकवणे हाही खेळाचा एक प्रकार होता, आणि त्याला उत्तर नव्हते. सभ्य माणूस सभ्यतेमुळे हरे. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश वाळूची घड्याळे घेऊन बसले. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांचे जोडघड्याळ आले. एक चालू झाले की दुसरे थांबणार, अशी रचना. पुढे तबकडीवर बारापाशी एक लहानसा झेंडा आला. मिनिटकाटा त्याला उचलत नेई आणि तास भरला की तो पडे. आमच्या पिढीने बुद्धिबळ शिकले ते या झेंड्याच्या धाकात. त्याची गंमत अशी की शेवटचे मिनिट कोणालाच नीट वाचता येत नसे. झेंडा लोंबकळतो आहे, पण किती उरले? चाळीस सेकंद की दहा? घड्याळ किंचित तिरके ठेवले असेल तर? पंचांकडे निम्म्या तक्रारी त्या एका बोटभर पत्र्यावरून होत.

डिजिटल घड्याळाने हा वाद मिटवला. किती उरले ते दोघांनाही दिसते आणि कोणाचा वेळ आधी संपला तेही पडद्यावर राहते. पण नुसत्या आकड्यांसाठी मी या यंत्राची तरफदारी केली नसती. त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आली, ती काट्यांच्या घड्याळाला जमणारी नव्हती. बॉबी फिशर यांनी १९८८ मध्ये एका घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९८९ मध्ये ते मिळाले, आणि १९९२ च्या स्पास्कीबरोबरच्या दुसऱ्या सामन्यात ते घड्याळ टेबलावर होते. कल्पना सोपी होती. प्रत्येक खेळीमागे खेळाडूच्या वेळात ठरावीक सेकंद जमा व्हायचे. खेळाडू त्याला ‘इन्क्रीमेंट’ म्हणतात, आणि पगारदार घरांत हा शब्द आधीच लाडका असल्याने मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही.

आता मोठ्या स्पर्धांमध्ये बहुधा चाळीस खेळ्यांसाठी ९० मिनिटे, मग आणखी ३० मिनिटे आणि पहिल्या खेळीपासून दर खेळीला ३० सेकंद असा वेळ असतो. आपल्या भाषेत पावणेचार घटिकांची पुंजी आणि दर खेळीला सव्वा पळाची भर. या सव्वा पळाने खेळाची नीती बदलली असे मी म्हणेन. जुन्या घड्याळात वेळ फक्त खर्च होई. जिंकलेला डाव हातात, समोर एकटा राजा, आणि तरी झेंडा पडणार म्हणून हात थरथरतोय, हे चित्र नेहमीचे होते. इन्क्रीमेंटच्या घड्याळात खेळत राहणारा माणूस पूर्ण निर्धन होत नाही. त्याला श्रीमंतीही मिळत नाही म्हणा. पण पुढची एक खेळी विचाराने करण्याइतके काहीतरी त्याच्या हाती पुन्हा येते, आणि ते त्याने स्वतःच्या खेळीने मिळवलेले असते.

‘समोरच्याला घड्याळावर पाडणे’ अप्रामाणिक आहे का, हा वाद ओट्यावरच्या खेळातही निघतो. माझे मत: नाही. वेळ हीही पटावरचीच मालमत्ता आहे. घोडा गमावला तर आपण तो परत मागत नाही. शिवाय नियम तितका निर्दय नाही. माझा वेळ संपला, पण समोरच्याकडे नुसता राजा उरला असेल आणि त्याला मात देणे कुठल्याच मार्गाने शक्य नसेल, तर मी हरत नाही, डाव बरोबरीत सुटतो. कळ ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने दाबायची, हा नियमही असाच समजूतदार आहे. एक हात पटावर आणि दुसरा घड्याळावर ठेवणाऱ्याचा तो बंदोबस्त.

मात्र अचूक यंत्र म्हणजे न्याय, असे समजणाऱ्यांनी दोन प्रसंग आठवावेत. २०१५ च्या नॉर्वे स्पर्धेत, स्टॅव्हँगरला, पहिल्याच फेरीत मॅग्नस कार्लसन टोपालोव्हविरुद्ध जिंकत आलेला होता. साठाव्या खेळीनंतर घड्याळात आणखी मिनिटे जमा होतील अशा समजुतीत तो विचार करत राहिला. तशी ती होणार नव्हती. त्या वेळी जगज्जेता असलेला माणूस स्वतःच्या देशात वेळेवर हरला. घड्याळ बरोबर होते. माणसाच्या मनातले घड्याळ वेगळे होते.

दुसरा प्रसंग आपल्या जास्त जवळचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये, महामारीमुळे, बुद्धिबळ ऑलिंपियाड संगणकावर खेळले गेले. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, तेव्हा चौदा वर्षांची. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या मार्तिरोस्यानचा संपर्क निहाल सरीनविरुद्धच्या डावात तुटला, घड्याळ चालत राहिले आणि तो हरला. आर्मेनियाची तक्रार फेटाळली गेली आणि त्या संघाने स्पर्धा सोडली. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात इंटरनेटची यंत्रणा जगभर कोलमडली आणि वेळेवर हरलेल्यांत निहाल आणि दिव्या होते. या वेळी जागतिक बुद्धिबळ महासंघाने सुवर्णपदक दोन्ही देशांना दिले. निर्णय मला पटतो, पण आर्मेनियाची आठवण काढल्याशिवाय तो पटवून घेऊ नये असेही वाटते. बिघाड एका घरचा की सगळ्या जगाचा, यावर न्याय ठरला.

यावरून भास्कराचार्यांची कथा आठवते. नाशिकच्या शेजारी, चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे, म्हणून हे घराणे आपल्याला परके नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्यात ही कथा येते. इतिहास म्हणून ती घेऊ नये. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला ठेवलेल्या घटिकापात्रात वाकून पाहताना तिच्या अंगावरचा एक मोती पडला, छिद्र बुजले, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त निघून गेला. २०२० मध्ये मोती कुठे अडकला ते शोधायला तंत्रज्ञ बसले, इतकाच फरक. वडिलांनी मुलीच्या नावे ग्रंथ लिहिला. दिव्याला सुवर्णात वाटा मिळाला. दोन्ही भरपाया मोठ्या, पण गेलेली वेळ त्यांतल्या एकीनेही परत आणली नाही.

दिव्याची पुढची कथा मात्र दंतकथेपेक्षा बरी आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती. संथ डाव दोन्ही बरोबरीत सुटले, म्हणून जलद डाव झाले. त्यातला पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्या डावात हंपीला वेळ अपुरा पडला, चुका झाल्या, दिव्या जिंकली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. यंत्र बिघडून गेलेला वेळ आणि खेळून संपलेला वेळ यांतला भेद त्या दोन निकालांत नीट दिसतो.

डिजिटल घड्याळाची एक उणीवही सांगायला हवी. मुके आकडे दृष्टिहीन खेळाडूच्या काही कामाचे नाहीत. त्याच्यासाठी काट्यांचेच घड्याळ लागे, बोटांना कळतील असे उंचावलेले ठिपके असलेले, किंवा मग उरलेला वेळ कानात सांगणारे. नियमांत दोन्हींची सोय आहे, साध्या दुकानात मात्र दोन्हींपैकी काही मिळत नाही.

सायखेडा हे बाजाराचे गाव आहे. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे आहे, कांदा इथे तोलला जातो. नाशिक जवळ, आणि विदित २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाल्यापासून, विशेषतः २०२३ मध्ये त्याने ग्रँड स्विस स्पर्धा जिंकल्यावर, या पट्ट्यातल्या पालकांना बुद्धिबळ हा शब्द नवा राहिलेला नाही. अशा गावांतल्या शाळांत पट येतात, सोंगट्या येतात, कधी भिंतीवर मोठा प्रात्यक्षिक पटही येतो. घड्याळ आले तर बहुधा एखादे, आणि तेही पाच मिनिटांच्या धुमश्चक्रीसाठी वापरले जाते, कारण सुटी लहान आणि मुले पुष्कळ. धुमश्चक्रीत मजा आहे, नाही कसे म्हणू? पण तिच्यात मूल घड्याळाला हात मारायला शिकते, वेळ वापरायला शिकत नाही. तेव्हा शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आणि पट विकत घेऊन देणाऱ्या पालकांना एवढेच सांगणे आहे: नक्षीचा पट राहू द्या, त्या पैशांत इन्क्रीमेंट असलेले साधे डिजिटल घड्याळ घ्या, त्यावर पंधरा मिनिटे आणि दर खेळीला दहा सेकंद लावा, आणि डाव संपेपर्यंत मुलाला ‘लवकर खेळ’ म्हणू नका.