गुलाबी प्राणी आणि काळे पाणी

डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले, पापण्या नसलेले बारीक काळे डोळे, कायम हसल्यासारखे वाटणारे रुंद तोंड आणि फिकट गुलाबी अंग. या प्राण्याचे चित्र जगात रोज कुठे ना कुठे, कुणी ना कुणी काढत असते. कुणी त्याला टोपी घालतो, कुणी त्याच्या हातात चहाचा कप देतो, कुणी त्याला अंतराळात पाठवतो. जून 2021 मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या खेळात हा सॅलॅमँडर, ॲक्सोलॉटल, आला आणि ज्या मुलांनी सॅलॅमँडर हा शब्द कधी ऐकला नव्हता त्यांच्याही तोंडी त्याचे नाव बसले. मराठी घरांतली मुलेही त्याला अपवाद नाहीत. चाहत्यांची चित्रे, गोंडस प्राण्यांचे वेड आणि विज्ञानातल्या चकित करणाऱ्या गोष्टींची आवड हे तिन्ही उत्साह या एका जिवाभोवती जितके एकवटले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाभोवती एकवटले असतील. हा उत्साह उथळ आहे असे मला वाटत नाही. मात्र त्याने एक मोठी गोष्ट चित्राबाहेर ठेवली आहे, आणि ती म्हणजे पाणी. ज्या पाण्यात हा प्राणी घडला ते पाणी वगळून त्याच्यावर केलेले प्रेम अपुरे राहते. हे अपुरेपण कुठून आले ते त्याच्या इतिहासातच सापडते.

आधी गोंडसपणाची बाजू घेऊ, कारण विचारी माणसे तिला फार लवकर झटकून टाकतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंत्स यांनी 1943 मध्ये मांडले की मोठे डोके, उंच कपाळ, गुबगुबीत गाल आणि आखूड अवयव ही बाळाची लक्षणे दिसली की माणसाच्या मनात सांभाळण्याची ओढ जागी होते, आणि तीच लक्षणे इतर प्राण्यांत दिसली तरी ओढ तीच असते. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी 1979 मध्ये मिकी माउसची मोजमापे घेतली. पन्नास वर्षांत चित्रकारांनी त्याचे डोके आणि डोळे वाढवत नेले, म्हणजे वय वाढत असताना तो रूपाने लहान होत गेला, हे त्यांनी दाखवून दिले. ॲक्सोलॉटलच्या बाबतीत हे काम चित्रकाराला करावेच लागत नाही, ते निसर्गाने करून ठेवले आहे. बहुतेक उभयचरांचे डिंभ, म्हणजे बाल्यावस्थेतले जीव, पाण्यात वाढतात, कल्ले गळतात, फुप्फुसे कामाला लागतात आणि प्राणी जमिनीवर येतो. ॲक्सोलॉटल मात्र डिंभाच्याच रूपात वयात येतो, त्याच रूपात अंडी घालतो आणि आयुष्यभर पाण्यात राहतो. आपल्याला जे गोंडस वाटते, ते मोठे डोके, ते फुललेले कल्ले, ती पोरसवदा ठेवण, तेच त्याच्या जीवशास्त्राचे मुख्य आश्चर्य आहे. त्यामुळे इथे ‘किती गोड’ म्हणणारा आणि ‘असे का’ म्हणणारा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतो. पाय तुटला तर तो काही आठवड्यांत व्रणाशिवाय नवा पाय उगवतो. शेपटी, मज्जारज्जू, हृदयाचा आणि मेंदूचाही काही भाग पुन्हा घडवतो. 2018 मध्ये त्याच्या जनुकसंचाचे वाचन झाले तेव्हा तो सुमारे 3200 कोटी जोड्यांचा, म्हणजे माणसाच्या साधारण दहापट निघाला. अशा प्राण्याने कुणाला वेड लावले तर त्या वेडाची टिंगल करण्याचे कारण नाही.

हे वेड आजचेही नाही. प्रवासी-संशोधक अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी मेक्सिकोहून युरोपात नेलेले नमुने फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी तपासले आणि हा कुठल्यातरी मोठ्या सॅलॅमँडरचा डिंभ असावा असे ठरवले. फ्रेंच सैन्य मेक्सिकोत उतरले त्या काळात तिथून पाठवलेले 34 जिवंत ॲक्सोलॉटल 1864 मध्ये पॅरिसला पोचले. त्यांतले सहा प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे आले. ते प्रजोत्पादन करू लागले, म्हणजे ते प्रौढ होते हे उघड झाले. आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या काही पिल्लांचे कल्ले गळून ती जमिनीवरचे सॅलॅमँडर झाली. डिंभालाही पिल्ले होतात आणि त्याच पिल्लांतून निराळेच रूप बाहेर पडते, या कोड्याने युरोपातले प्राणिशास्त्र हलले. 1920 मध्ये जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी ॲक्सोलॉटलला बैलाची थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून त्याला जमिनीवर आणले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. चकित करणाऱ्या विज्ञानाची भूक शंभर वर्षांपूर्वीही इतकीच होती. पण माझ्या दृष्टीने या हकिकतीतला कळीचा तपशील वेगळा आहे. पॅरिसला आलेल्या त्या तुकडीत एक नर पांढरा होता. आज ज्याला आपण गुलाबी म्हणतो तो रंग प्रयोगशाळांत आणि काचेच्या टाक्यांत पसरला तो त्या नरापासून. त्वचेत काळे रंगद्रव्य पोचत नाही, म्हणून आतले रक्त गुलाबी दिसते. सोनेरी ॲक्सोलॉटलची गोष्ट आणखी पुढची: त्याचे रंगहीनतेचे जनुक 1960 च्या दशकात टायगर सॅलॅमँडर या वेगळ्या जातीशी संकर करून आणलेले आहे. मेक्सिकोच्या पाण्यातला ॲक्सोलॉटल बहुधा काळपट तपकिरी असतो, अंगावर ठिपके असलेला, गाळात पडला तर दिसूही नये असा. म्हणजे जगाचे ज्याच्यावर प्रेम बसले आहे तो एका अर्थाने पॅरिसचा रहिवासी आहे. दीडशे वर्षे त्याने मूळचे पाणी पाहिलेले नाही.

ते पाणी आता फारसे उरलेलेही नाही. मेक्सिको शहराच्या खोऱ्यात एकेकाळी पाच तळी एकमेकांना जोडलेली होती. स्पॅनिश राजवटीपासून पुराच्या भीतीने त्यांचा उपसा सुरू झाला. चाल्को तळे गेले, आणि शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्कोत कालव्यांचे एक जाळे तेवढे राहिले. हे कालवे ‘चिनाम्पां’च्या मधून जातात. चिनाम्पा म्हणजे तळ्यातला गाळ थरावर थर रचून, कडेने झाडे लावून पक्की केलेली शेतीची लांबट बेटे. अझ्टेक काळाच्याही आधीपासून चालत आलेली ही शेती शहराला भाज्या आणि फुले पुरवत आली आहे, आणि तिचे गार, सावलीतले, झऱ्यांचे पाणी हेच ॲक्सोलॉटलचे घर होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराची तहान भागवण्यासाठी ते झरे वळवले गेले. आता कालव्यांत मुख्यतः प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते. लोकांना स्वस्त प्रथिने मिळावीत या चांगल्या हेतूने सरकारी योजनांतून कार्प आणि तिलापिया मासे आणून सोडले गेले. त्यांनी ॲक्सोलॉटलची अंडी आणि पिल्ले फस्त केली आणि तळ ढवळून पाणी गढूळ केले. शेती परवडेनाशी झाली तसे काही चिनाम्पांवर फुटबॉलची मैदाने आणि पर्यटकांसाठी जागा झाल्या. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातील लुईस साम्ब्रानो आणि त्यांचे सहकारी या कालव्यांत जाळी टाकून मोजणी करत आले आहेत. 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरमागे सुमारे 6,000 ॲक्सोलॉटल होते. 2014 मध्ये ती संख्या 36 वर आली. याच काळात त्याची लोकप्रियता चढत गेली, हे दोन आलेख शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चित्र काढणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीवर एका परदेशी कालव्याचे ओझे कशाला टाकायचे? आनंद हा आनंद असतो, त्याला प्रत्येक वेळी कर्तव्याची शेपटी लावली की तो मरतो. हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि त्या मुलीकडून मी काहीही मागत नाही. परंतु प्रतिमेला परिणाम नसतात हे मात्र खरे नाही. 2009 मध्ये स्लो लोरिस या निशाचर प्राण्याला गुदगुल्या केल्याची एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. गुदगुल्या आवडतात म्हणून तो हात वर करतो असे पाहणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात लोरिसच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते. धोका वाटला की तो हात डोक्यावर नेतो, तो स्राव लाळेत मिसळतो आणि त्याचा दंश विषारी होतो. लाखो लोक ज्याला लाड समजत होते ती घाबरलेल्या प्राण्याची बचावाची तयारी होती. पाहणाऱ्यांतल्या अनेकांनी ‘मलाही असा हवा’ असे लिहिले, हे संशोधकांनी 2013 मध्ये त्या प्रतिक्रिया वाचून नोंदवले. बाजारात विकल्या जाणाऱ्या लोरिसने मालकाला चावू नये म्हणून त्याचे दात तोडले जातात. ज्या अंधाऱ्या जंगलात हात वर करण्याला अर्थ आहे ते जंगल चौकटीबाहेर गेले की भीतीही गोड दिसते. ॲक्सोलॉटलचे हसणेही असेच आहे. पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेण्यासाठी त्याचे तोंड रुंद आहे, त्यात समाधानाचा काही भाग नाही. त्याला पंधरा ते अठरा अंशांचे गार पाणी लागते. कोकणात किंवा विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत काचेच्या टाकीतले पाणी तेवढे गार ठेवायचे तर यंत्र चोवीस तास चालवावे लागेल. तरीही तो हौसेने पाळला जातो. वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी भारतात बंधनकारक झाली आहे, ते योग्यच झाले. पण टाकीतला प्राणी उन्हाळ्यात का मलूल होतो याचे उत्तर नोंदणीच्या कागदात नाही, सोचिमिल्कोच्या झऱ्यांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या वेडामुळेच तर प्राणी वाचेल, असे तो म्हणतो. जो कुणाला माहीत नाही त्याच्यासाठी कोण पैसे देणार? आणि याला पुरावा आहे. मेक्सिकोच्या त्याच राष्ट्रीय विद्यापीठाने ‘अडॉप्टॲक्सोलॉटल’ नावाची मोहीम काढली. 600 पेसो दिले की एक ॲक्सोलॉटल नावाने दत्तक घेता येतो, आणि प्राणी घरी न येता तिथेच राहतो. जगभरच्या चाहत्यांनी पैसे पाठवले. ते पैसे गेले ‘चिनाम्पा-आश्रयस्थाना’च्या कामाला: शेतकरी कीटकनाशके सोडून देतात, कालव्याच्या तोंडाशी कार्पला अडवणारी आणि पाणी गाळणारी साधी जाळी बसवली जाते, आत पाणी निवळते. 2021 मध्ये मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने 50 पेसोची नवी नोट काढली. तिच्यावर ॲक्सोलॉटल आहे, पण एकटा नाही. त्याच्यासोबत मका आहे, सोचिमिल्को आहे. त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम नोट म्हणून तिची निवड झाली, आणि लक्षावधी लोक ती खर्च न करता घरात जपून ठेवतात असे बँकेच्याच पाहणीत आढळले. म्हणून माझे म्हणणे उत्साह कमी करा असे मुळीच नाही. ही नोट हे माझ्या मते अलीकडचे सर्वांत यशस्वी ‘फॅन आर्ट’ आहे, आणि तिने सिद्ध केले आहे की पाणी आणि शेत चित्रात आल्याने प्राण्याचा गोडवा घटत नाही. मोहिमेत पैसा कामी आला तोही चाहत्यांची नजर प्राण्यावरून शेतकऱ्याच्या कालव्याकडे वळवल्यावरच.

या आक्षेपाची एक मर्यादा मात्र सांगायला हवी. गोंडसपणावर चालणारी मदत गोंडस नसलेल्यांपर्यंत पोचत नाही. उभयचर हा आज पृथ्वीवरील सर्वाधिक धोक्यात असलेला पृष्ठवंशीय वर्ग आहे, आणि त्यातले बहुतेक जीव ओले, बुळबुळीत, मातकट आहेत. सह्याद्रीतल्या देवगांडुळाला पायच नाहीत. साप समजून लोक त्याला ठेचतात. आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यांवर पहिल्या पावसाच्या डबक्यांत अंडी घालणारा भेक जगात त्या परिसरापलीकडे कुठे आढळत नाही, आणि त्याचे चित्र असलेली पिशवी घेऊन कोणी हिंडत नाही. केवळ प्राण्याच्या चेहऱ्यावर जडलेले प्रेम या जिवांपाशी येऊन थांबते. डबक्यावर, कालव्यावर, सड्यावर जडलेले प्रेम थांबत नाही, कारण त्या पाण्यात जे जे आहे ते सगळे त्याच्या कक्षेत येते. अधिवासाची बाजू घेण्यामागे माझे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आणि तरीही कुणी विचारील की प्रयोगशाळांत, टाक्यांत लाखो ॲक्सोलॉटल सुखरूप असताना जात नष्ट होण्याचा प्रश्न येतोच कुठे? हवे तितके नेऊन सोडा. पण ती लाखोंची संख्या मोजक्या पूर्वजांवर उभी आहे, तिच्यात दुसऱ्या जातीचे रक्त मिसळले आहे, आणि टाकीतला प्राणी सोबत रोगही नेऊ शकतो. त्यातही फिकट गुलाबी प्राणी गाळाच्या पार्श्वभूमीवर बगळ्याला दुरूनच दिसेल. चित्रातला सर्वांत लाडका रंग कालव्यात सर्वांत आधी बळी पडणारा आहे. बंदिवासात वाढवलेले प्राणी परत जगू शकतील का, याची रीतसर चाचणी विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतली आणि 2025 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी 18 ॲक्सोलॉटल दोन ठिकाणी सोडले, एक सोचिमिल्कोतले सुधारलेले चिनाम्पा आणि दुसरे शहरातल्या जुन्या खाणीत तयार झालेले पाणथळ. प्रत्येकाच्या अंगात रेडिओ-यंत्र होते, कारण त्या पाण्यात ते डोळ्यांना दिसत नाहीत, काठावर बसून केवळ संकेत ऐकत राहावे लागते. पाहणीच्या काळात सगळे जगले. त्यांतले काही पुन्हा पकडून तोलले तेव्हा त्यांचे वजन वाढलेले होते. कुणी न शिकवता ते शिकार करू लागले होते. पाहणी संपल्यावर दोघांना मोठ्या बगळ्यांनी खाल्ले.