घराची किंमत कोणी सांगावी?

वडिलोपार्जित घर विकायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो ‘किती सांगायचे?’ हा. दिसायला तो निव्वळ व्यवहाराचा आहे. बडोद्यातील आमचे घर धाकट्या भावाने विकत मागितले आणि आकडा सांगण्याचे काम वडीलकीने माझ्याकडे आले, तेव्हा तो तितका सरळ नाही हे ध्यानात आले.

मूल्यांकनकाराने जमीन आणि बांधकाम असे दोन रकाने आखले. गुजरातेत सरकारी दर ‘जंत्री’त असतात, जमिनीचे दर २०११ नंतर थेट एप्रिल २०२३ मध्ये दुप्पट झाले. जमिनीचा हिशेब त्या आधारे व आसपासच्या सौद्यांवरून चटकन झाला. बांधकामातून त्याने वयाची घट वजा केली, तेव्हा उरले ते भंगारमूल्य. सागवानी खांब मात्र त्याने घनफुटांत मोजले. म्हणजे घर उभे असेतो खांबांना मोल नाही, पाडले की आहे! (प्राप्तिकराचा कायदाही जुन्या घराची खरेदीकिंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरू देतो; त्यामागची सत्तर वर्षे त्याच्या लेखी झालीच नाहीत.) मला राग आला. माझ्या मनातला आकडा याच्या जवळजवळ दुप्पट होता.

तो आला कोठून, हे शोधू लागलो. त्यात आईचे माजघर होते, देवघराचा कोनाडा होता, गणपतीत ओटीवर बसणाऱ्या पंगती होत्या. यातले काहीही मी घेणाऱ्याच्या स्वाधीन करणार नव्हतो. ते सारे माझ्याबरोबरच येणार होते. जे द्यायचे नाही त्याचे पैसे मागायचे, याला काय म्हणावे? आणि मागायचे ते कोणाकडे, तर त्याच माजघरात वाढलेल्या भावाकडे!

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रयाचे नियम घालून दिले आहेत. घेण्याचा पहिला मान नातलगांचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा, आणि शेवटी बाहेरच्यांचा. विक्री पुकारायची ती घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या देखत. किंमत उच्चारून कोणी घेणार काय, असे तीनदा विचारायचे. चढाओढीने किंमत वाढली तर ती वाढ राजाच्या कोशात जमा. हा राजाचा लोभ म्हणून सोडून देता येईल; मला तसे वाटत नाही. मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगितले तेवढेच त्याचे. वरचे दुसऱ्याच्या गरजेतून आलेले. शिवाय ज्यांच्यासमोर आकडा उच्चारायचा, त्यांना घराची खोड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. बंद खोलीत दलालाच्या कानात सांगितलेल्या आकड्याला असा साक्षीदार नसतो.

मनातला आकडा शेजाऱ्यांसमोर मोठ्याने म्हणून पाहण्याची कल्पना केली आणि जीभ रेटेना. अखेर मूल्यांकनकाराचा जमिनीचा आकडा घेतला, त्यात लाकडाची किंमत मिळवली, आणि भावाला फोन केला. आपण बरेच सोडून दिले, असे समाधानही मनात होते.

त्याने आकडा शांतपणे ऐकून घेतला. मग विचारले, “दादा, मागच्या भिंतीची ओल वजा केलीस ना?”

केली नव्हती. दर पावसाळ्यात ती भिंत तोच पुसत आला होता.