एकाच संध्याकाळचे दोन पगार

जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचा, असं अण्णांच्या घरात ठरलं. अण्णा एस.टी.तून निवृत्त झालेले आणि मुलगा निखिल सैन्यात डॉक्टर. ऑगस्ट २०२३ मध्ये तो आर्मी मेडिकल कोअरमध्ये कॅप्टन म्हणून रुजू झाला. लखनौला सुरुवातीचं प्रशिक्षण झालं आणि सीमेजवळच्या एका पलटणीचा डॉक्टर म्हणून त्याची नेमणूक झाली. मधल्या रजेत लग्नही उरकलं. पलटण होती तिथे कुटुंब नेता येत नव्हतं, म्हणून मीनल सोलापुरातच सासू-सासऱ्यांजवळ राहिली. टॉवेलच्या एका कारखान्यात ती हिशेब पाहायची.

फौजी डॉक्टरची बायको म्हटल्यावर गल्लीत ज्याला त्याला उत्सुकता. पगार किती पडतो? बंगला कधी मिळणार? हाताखाली माणसं किती? मीनलला यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येत नसे. निखिलचा फोन लागलाच तर दहा मिनिटं बोलणं व्हायचं. त्यात पगाराचा विषय कोण काढणार?

पण बँकेने कर्जासाठी पगाराची स्लिप मागितली आणि विषय निघालाच. निखिलने स्लिप पाठवली, मीनलने ती कारखान्यात छापून घेतली आणि रात्री जेवणं झाल्यावर पेन घेऊन बसली. मूळ वेतन ६१,३००. लष्करी सेवा वेतन १५,५००. नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स १२,२६०. मग महागाई भत्ता, आणि त्याखाली घरभाडे भत्ता १२,२६०. वजावटीच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधी, गटविमा, आयकर. १२,२६० चा आकडा दोनदा दिसल्यावर तिने दोन्ही ओळींना गोल केला. हिशेबनीसाच्या डोळ्याला तो सरळ सरळ डबल एंट्रीचा घोळ वाटला. उद्या वसुली निघाली तर हप्ता कुठून भरायचा?

दुसऱ्या दिवशी ती सात रस्त्याजवळ सुभेदारमामांकडे गेली. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. मेडिकल कोअरमध्येच नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालेले आणि सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांनी चष्मा लावला, गोल केलेल्या दोन्ही ओळी पाहिल्या आणि म्हणाले, "बरोबर हाय की सगळं. आकडा एक हाय, पण पैसे दोन वेगळ्या गोष्टींचे हायेत. बस, सांगतो."

त्यांनी आधी हुद्दा सांगितला. इतर तरुण अधिकारी लेफ्टनंट म्हणून सुरुवात करतात, एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर थेट कॅप्टन होतो. पुढे मेजर, त्याचं मूळ वेतन ६९,४०० पासून. मग लेफ्टनंट कर्नल, १,२१,२०० पासून. लष्करी सेवा वेतन मात्र लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत सगळ्यांना सारखंच, १५,५००.

"मामा, डॉक्टरला तारे कशाला लागतात?" मीनलने विचारलं.

"हुकूम देता यावा म्हणून. वॉर्डात पन्नास माणसं असतात, गडबड असते, तिथं कुणाचं ऐकायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं. पण जखमी आला की डॉक्टरनं आधी जखम बघायची, खांदा नंतर. ज्याची जखम मोठी त्याला आधी घ्यायचं, मग तो शिपाई असो नाहीतर कर्नल. तो हुद्दा कामाचा हाय, पोरी. घरच्यांचा नाही. साहेबाच्या बायकोला फौजेत कुठलाच हुद्दा नसतो. हे ज्या बाईला पहिल्या वर्षात कळलं, तिचं छावणीत सगळ्यांशी जमतं."

मग घर. शांत ठिकाणी बदली झाली की सरकारी क्वार्टर मिळतं, पण ते दारात गाडी उभी राहिली की लगेच मिळतं असं नाही. स्टेशनच्या यादीत नाव लागतं, पाळी यावी लागते, आणि कुठल्या प्रकारचं घर ते हुद्द्यावर ठरतं. घर ताब्यात घेताना पंखे, खुर्च्या, पलंग, पडद्याच्या दांड्यासुद्धा मोजून सही करायची. बदली झाली की तीच यादी पुन्हा हातात येते आणि कमी भरेल त्याचे पैसे भरावे लागतात. निखिलसारखा कुटुंब न नेता येणाऱ्या जागी असला, तर घरचे जिथे राहतात त्या गावाच्या दराने घरभाडं मिळतं. सोलापूर पडतं वाय वर्गात. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, वाय वर्गाचा दर मूळ वेतनाच्या वीस टक्के झाला. ६१,३०० चे वीस टक्के १२,२६०.

"आणि क्वार्टर मिळालं की?"

"त्या दिवसापासून घरभाडं बंद. घर तरी घ्यायचं, नाहीतर भाडं तरी. दोन्ही घेतलं तर ती चोरी."

"आणि वरची ओळ?"

"ती प्रॅक्टिस न करण्याची. तीपण मूळ वेतनाच्या वीस टक्के, म्हणून आकडा जुळला. सरकार म्हणतं, डॉक्टर, तू दवाखाना काढला असतास, संध्याकाळी चार पेशंट बघितले असतेस. ते तू सोडलंस, त्याबद्दल हे घे. महागाई भत्ता काढतानासुद्धा ही रक्कम मूळ पगारात आणि सेवा वेतनात मिळवतात, आणि बेरजेवर पन्नास टक्के देतात."

मीनलने तिथल्या तिथे बेरीज केली. ८९,०६० आणि त्याचे निम्मे ४४,५३०. स्लिपशी पैसा न् पैसा जुळला. डबल एंट्री नव्हतीच. एक ओळ न मिळालेल्या घराची होती, दुसरी न उघडलेल्या दवाखान्याची.

निघताना मामांनी आणखी एक गोष्ट कानावर घातली. निखिलचं कमिशन शॉर्ट सर्व्हिसचं होतं. आधी पाच वर्षं, पुढे मुदतवाढ मिळाली तर मिळाली. पेन्शनला वीस वर्षं भरावी लागतात, त्याआधी बाहेर पडणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. "वीस वर्षांचं कर्ज काढताना हे ध्यानात धर," ते म्हणाले. "भत्ते जागेप्रमाणं येतात नि जातात. हप्ता बसवायचा तो मूळ पगारावर."

त्याच रविवारी काका आले. अण्णांचे चुलतभाऊ, शहरात स्वतःचं नर्सिंग होम चालवणारे. निखिल जुलैत दोन महिन्यांच्या वार्षिक रजेवर येणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मोबाइलवर फ्लेक्सचा नमुनाच आणला होता. वर डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत निखिलचं नाव, नावाआधी 'कॅप्टन', नावाखाली 'भारतीय सेना'. रोज संध्याकाळी पाच ते नऊ, फक्त दोन महिने.

"पेशंटची रांग लागेल बघ," काका म्हणाले. "फ्लॅटच्या सुरुवातीच्या पैशांची काळजीच नको." अण्णांचा चेहरा खुलला. त्या रकमेसाठी ते महिनाभर नातेवाइकांचे उंबरे झिजवत होते. सासूबाईंनी चहाबरोबर चिवडा ठेवला. निखिलला विचारायचं राहिलं आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मीनल त्या दिवशी काहीच बोलली नाही. नवी सून, समोर घरातली वडीलधारी माणसं, आणि पैशाची खरी गरज. पण रात्रभर मामांचं बोलणं तिच्या डोक्यात फिरत राहिलं. घर घेतलं की भाडं बंद. मग दवाखाना उघडला की काय बंद?

सोमवारी कारखान्यातून सुटल्यावर ती भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात गेली. काकांनी फ्लेक्सवर लावलेला चेहरा तिला नीट पाहायचा होता. कोटणीस याच सोलापुरात १९१० मध्ये जन्मले, मुंबईला डॉक्टर झाले आणि १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये गेले. वडील वारल्याची बातमी तिथे पोचली, तरी ते कामावरून हलले नाहीत. एका मोठ्या लढाईत ७२ तास न झोपता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस अपस्माराने गेले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि पोर चार महिन्यांचंही नव्हतं.

मीनलचं मन क्वो छिंगलानपाशी थांबलं. तीही फौजी डॉक्टरची बायको. संसार हेबेईच्या डोंगराळ खेड्यांत, शत्रू आला की इस्पितळासकट मुक्काम हलवायचा. तीही स्वतःचं काम करत होती. नवरा गेल्यावर सत्तर वर्षं जगली. ज्या घरात ती सून म्हणून कधी नांदली नव्हती, त्या कोटणीस कुटुंबाशी नातं राखून होती, भारतात अनेकदा येऊन गेली. २०१२ मध्ये ती गेली. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या नावाचं तिने भांडवल केलं नाही, ते नाव सांभाळलं.

बुधवारी काका उत्तर घ्यायला आले, तेव्हा मीनलने स्लिप टेबलावर ठेवली. मामाही बसले होते.

"काका, रागावू नका. ही ओळ बघा. १२,२६० रुपये. निखिलने बाहेर पेशंट बघू नयेत म्हणून सरकार हे दर महिन्याला देतं. रजेच्या महिन्यातही देतं. तो पाच ते नऊ तुमच्याकडे बसला, तर त्याच संध्याकाळचे दोन पगार होतील."

"अगं, रजा त्याची स्वतःची आहे," काका म्हणाले. "तिथे कोण बघायला येतंय?"

"तुमच्याकडे पूर्णवेळ आर.एम.ओ. आहेत ना? बाहेर काम करायचं नाही, अशी त्यांना अट आहे. ते सुट्टीच्या दिवशी शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच्या दवाखान्यात बसले, तर तुम्हाला चालेल?"

काका बोलता बोलता थांबले. मागच्याच वर्षी अशाच कारणावरून त्यांनी एका डॉक्टरला काढलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"आणि नावाआधीचं कॅप्टन," मीनल पुढे म्हणाली, "ते त्याला हुकूम देण्यासाठी मिळालंय, गिऱ्हाईक गोळा करण्यासाठी नाही. कोटणिसांचा फोटो वर लावून खाली हे कसं लिहायचं?"

अण्णांनी मान खाली घातली. "मग फ्लॅटचं काय?"

मीनलने दुसरा कागद पुढे केला. निखिलचं मूळ वेतन आणि तिचा स्वतःचा पगार एवढंच धरून तिने हप्ता काढला होता. त्यात काकांचा पैसा नव्हता, घरभाडं नव्हतं, पलटणीच्या जागेचा भत्ताही नव्हता. त्या हिशेबात तीन खोल्यांचा फ्लॅट बसत नव्हता. कमिशनच्या मुदतवाढीचं कळेपर्यंत आहे त्याच घरात राहायचं आणि घरभाड्याची रक्कम महिन्याच्या महिन्याला बाजूला टाकायची, असं तिने सुचवलं. हे सासूबाईंना जड गेलं. त्यांनी बहिणींना नव्या घराचं सांगून टाकलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "तिचा हिशेब बरोबर आहे. उशीर होईल, होऊ दे."

निखिलचा फोन आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. "मी नाहीच म्हणणार होतो," तो म्हणाला, "पण काकांना कसं सांगायचं याचाच मला घोर होता."

जुलैत तो आला. संध्याकाळी अण्णांबरोबर सिद्धेश्वराच्या तळ्यावर फिरायला जायचा, रात्री मामांशी गप्पा रंगायच्या. फ्लेक्स छापला गेला नाही. एका संध्याकाळी काका आपण होऊन आले. "त्या दिवसापासून मीही माझा हिशेब तपासला," ते म्हणाले. "माझ्या आर.एम.ओ.ला मी अट पूर्णवेळेची घातली होती, पण पगार अर्धवेळेचा देत होतो. दुसरीकडे जाऊ नको म्हणायचं, तर त्याचं मोल आपण द्यायला हवं. या महिन्यापासून वाढवला." ते ऐकून मामांनी त्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणीसाठी बसवूनच घेतलं.

तात्पर्य: एखादी गोष्ट सोडण्याबद्दल आपण मोल घेतलं, की ती गोष्ट आपली राहत नाही. ती दुसऱ्यांदा विकता येत नाही, मग कुणी बघत असो वा नसो. मोल देणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. दुसऱ्याचा सगळा वेळ हवा असेल, तर दाम सगळ्या वेळेचे द्यावे. हे फौजी डॉक्टरला लागू आहे, सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरला आहे, शाळेचा पगार घेणाऱ्या गुरुजींना आहे, तसंच त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनाही. घरात येणारा पगार किती आहे हे सगळेच मोजतात. तो कशाकशाबद्दल आहे हे ओळीओळीने वाचणारं एक माणूस प्रत्येक घरात असलं पाहिजे, कारण घराची अब्रू त्याच्यामुळे टिकते.